धारावीचे आलेखन : रेषा आणि शब्द

नाहीशा होऊ घातलेल्या वस्तीची मोजणी करणे आणि तिची नोंद ठेवणे ही दोन भिन्न कार्ये होत. धारावीच्या पुनर्विकासासाठी मार्च २०२४ मध्ये घरोघर पाहणी सुरू झाली. घरांना क्रमांक पडले, गल्ल्यांचे यंत्राद्वारे मापन झाले. या पाहणीचा हेतू पात्रता ठरविणे हा आहे. याहून वेगळी अशी एक परंपरा मुंबईत १९८५ पासून आढळते. त्या वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथावरील रहिवाशांची गणना त्यांच्याच साहाय्याने केली. पुढे २०१० मध्ये याच संस्थेने कमला रहेजा विद्यानिधी वास्तुशास्त्र संस्थेसमवेत धारावीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मातियास एशानोव्ह आणि राहुल श्रीवास्तव यांनी रहिवासी व स्थानिक कारागीर यांच्या सहवासातून मांडलेली ‘टूल-हाउस’ ही संकल्पना याच परंपरेतली.

ही संकल्पना मोलाची आहे. धारावीतील घर हे केवळ निवासस्थान नसून उत्पादनाचे साधनही असते, हे तिने ठसविले. परंतु ती इंग्रजीत घडली आणि इंग्रजीतच वावरली. ‘अवजारघर’ असे तिचे भाषांतर केल्यास कुदळ-फावडी ठेवण्याची खोली डोळ्यांपुढे येते. वस्तुतः मराठीत ‘राबते घर’ हा प्रयोग पूर्वीपासून रूढ आहे. ज्यात माणसांचा वावर अखंड आहे असे घर, हा त्याचा अर्थ. आणि ‘राबणे’ या क्रियापदातील कष्टाची छटाही त्याला सहज लाभते. संशोधकांना नवा शब्द घडवावा लागला, याचे कारण वास्तूची रेषा टिपताना बोलण्याकडे लक्ष कमी गेले, हे होय.

कुंभारवाड्याचे उदाहरण याहून बोलके आहे. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या या वस्तीत राहण्याच्या खोल्या, चाक फिरविण्याची जागा आणि घरांच्या ओळींमधील भट्ट्या एकमेकींना लागून आहेत. कुंभाराच्या भट्टीला गुजरातीत ‘निंभाडो’ व मराठीत ‘आवा’ हे स्वतंत्र शब्द आहेत. लोहाराच्या किंवा हलवायाच्या भट्टीला ते लागू पडत नाहीत. नकाशात मात्र तिथे एक चौकोन येतो. भट्टी कोणाकोणाच्या सामाईक वापराची, ती कोणी कोणत्या दिवशी पेटवावी, धुराचा त्रास कोणी सोसावा, हे त्या चौकोनात मावत नाही. ते विचारूनच कळते, आणि विचारणे हीच सहभागी संशोधनाची खरी शक्ती आहे.

या दृष्टीने ‘पोटमाळा’ हा शब्द विशेष विचारार्ह ठरतो. पोटकलम, पोटजात, पोटनियम, पोटभाडेकरू या सर्व समासांत ‘पोट’ हे पूर्वपद गौणत्व दाखविते. पण त्याचबरोबर, गौण वस्तू मुख्य वस्तूच्या आत सामावलेली आहे, असेही सांगते. पोटमाळा खालच्या खोलीवाचून उभा राहत नाही. खालच्या खोलीचा संसारही पुष्कळदा माळ्याच्या भाड्यावर चालतो. पुनर्विकासाच्या नियमांनी हे नाते तोडले. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील पात्र रहिवाशाला धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर, आणि वरच्या मजल्यावरच्याला धारावीबाहेर भाड्याचे, पुढे हप्त्यांनी विकत घेता येईल असे घर. एकाच जिन्याने जोडलेली दोन कुटुंबे अशी दोन ठिकाणी जातात. भाषेने जे एका शब्दात बांधले होते ते नियमांच्या दोन रकान्यांत गेले!

अशा वेळी वास्तुशास्त्रीय छेदचित्राचे महत्त्व वाढते, कारण त्यात माळा आणि खोली एकत्रच काढावी लागतात. मात्र अशी चित्रे काढताना जिना कोणाचा, मोरी कोणाची, वीज कोणाच्या मीटरवरून येते, हे तेथील माणसे ज्या शब्दांत सांगतात त्याच शब्दांत चित्रावर लिहिले जावे. धारावीत तमिळ, मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. इंग्रजी सूचीत त्या साऱ्या सपाट होतात.

‘सहभाग’ या शब्दाचीही थोडी चिकित्सा हवी. दुपारच्या बैठकीला जो घरी असतो तो बहुधा घरमालक किंवा त्याच्या घरातील कोणी असतो. पोटभाडेकरू त्या वेळी कारखान्यात असतो, आणि भाडेचिठ्ठीवाचून राहत असल्याने परक्यापुढे बोलण्यास तो कचरतो. त्याची साक्ष हवी असल्यास आलेखकाला रात्री माळ्यावर चढावे लागेल.