क्षमा, माफी आणि दंड : एका अर्थसंकराची चिकित्सा

हिंसक गुन्ह्यास बळी पडलेल्या ख्रिस्ती कुटुंबाने गुन्हेगारास क्षमा केल्याचे जाहीर केले, की लोकमत दुभंगते. एक पक्ष त्या क्षमेस वंदन करतो, तर दुसऱ्यास तीत न्यायाची हानी दिसते. परंतु क्षमा म्हणजे शिक्षेची माफी, हे गृहीत दोन्ही पक्षांस समान असते. हेच गृहीत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

‘क्षमा’ हा शब्द ‘क्षम्’ धातूपासून सिद्ध झाला असून सहन करणे हा त्याचा मूलार्थ होय. ‘माफ’ हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि सारामाफी, शिक्षामाफी अशा समासांतून राज्यव्यवहारात रुजला. नव्या करारातील ‘आफिएमि’ या ग्रीक क्रियापदाचा अर्थ सोडून देणे असा असून, ऋण सोडण्यासही तेच क्रियापद योजले जाते. मराठीत हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात आणि व्यक्तीने सोडलेले स्वतःचे येणे शासनाने सोडलेल्या दंडासारखे भासू लागते.

पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हा भेद स्पष्ट आहे. बाराव्या अध्यायाच्या अखेरीस श्रद्धावंतांनी स्वतः सूड घेऊ नये, तो ईश्वराकडे सोपवावा, असा उपदेश येतो. तेथील ‘एक्दिकेसिस’ हा शब्द न्यायवाचक ‘दिके’ या शब्दापासून बनला आहे. मराठी ‘सूड’ शब्दात न्यायाची ही छटा उरत नाही. तेराव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात राज्यसत्तेस त्याच कुळातील ‘एक्दिकोस’ ही संज्ञा लावली आहे. क्रोधवाचक ‘ऑर्गे’ हा शब्दही दोन्ही स्थळी आढळतो. तात्पर्य, व्यक्तीस जे नाकारले तेच दंडाधिकाऱ्याकडे सोपविले आहे. अध्यायांची प्रचलित विभागणी १३व्या शतकातील असल्याने मूळ पत्रात या दोन वचनांमध्ये खंड नव्हता. ती वेगवेगळी वाचण्याची सवय उत्तरकालीन होय.

या भेदाची कसोटी १९९९ साली ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, लागली. बारीपदा येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे फिलिप व टिमोथी हे १० व ६ वर्षांचे पुत्र यांना २२-२३ जानेवारीच्या रात्री मनोहरपूर येथे जमावाने वाहनात जिवंत जाळले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांस क्षमा केली; मात्र क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, असेही त्यांनी सांगितले. खटला चालूच राहिला. मुख्य आरोपीस २००३ साली मृत्युदंड झाला. २००५ साली उच्च न्यायालयाने तो जन्मठेपेत बदलला आणि २१ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. ग्लॅडिस यांच्या क्षमेने खटला थांबला नाही. शिक्षेचा प्रश्न न्यायालयांनीच सोडविला.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात, स्टेन्स यांना धर्मांतराच्या कार्याबद्दल धडा शिकविण्याचा आरोपींचा हेतू होता, या आशयाचे वाक्य होते. त्यावर तीव्र आक्षेप निघाले आणि २५ जानेवारीस न्यायालयाने ते वगळले. ‘धडा शिकविणे’ हा वाक्प्रचार मार्मिक आहे. तो हिंसेस शिक्षणाचे रूप देतो आणि जमावास दंडाधिकाऱ्याच्या आसनावर बसवितो. पौलाचा निषेध नेमका या आसनग्रहणाला आहे. क्रोध या भावनेलाच त्याची मनाई नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात रागावण्यास वाव ठेवून पापाला मज्जाव केलेला आहे. यास्तव गुन्ह्यानंतर उसळणारा लोकक्षोभ न्यायाची मागणी करील तोवर ख्रिस्ती विचारास तो त्याज्य नाही; तो स्वतःच शिक्षा देऊ लागला, की मनोहरपूरच्या जमावाच्या पंक्तीत जाऊन बसतो.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. राज्यसत्तेविषयीचे वचन जुलमी सत्तांनी आपल्या समर्थनार्थ वापरले आहे, हा पहिला. तो खरा आहे. म्हणून त्या वचनाचा अर्थ लावताना सत्ता ही सेवक आहे, हे तेथीलच विशेषण विसरता येत नाही. मृतांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणास, हा दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे. ग्लॅडिस यांना स्वतःचे दुःख, स्वतःचे येणे सोडता आले. दोन बालकांचे येणे सोडण्याचा अधिकार मातेसही नव्हता. ते न्यायासनापुढे शिल्लक राहते. क्षमेनंतरही खटला आवश्यक ठरतो, तो याच कारणाने.