मानधन नावाचे बलुते

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यावर आजवर जे लिहिले गेले त्यात वेदना आहे, नकार आहे, भाषेच्या धगीची चर्चा आहे. हिशेब मात्र फारसा कुणी मांडला नाही. वास्तविक पुस्तकाचे नावच एका मोबदल्याचे नाव आहे. सरकारी वसूल तालुक्याला पोचवायचा, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे, मयताची खबर गावोगाव न्यायची, मेलेले ढोर ओढायचे, अशी कामांची यादी पवार देतात. आणि तिच्यासमोर ठेवतात खळ्यावरचे धान्य नि वाढलेली भाकरी. आमचे समीक्षक ही यादी वाचून हळहळतात. पण हा मजुरीचा करार आहे आणि त्यात तास, दर, देण्याची तारीख काहीच ठरलेले नाही, इकडे त्यांचे लक्ष जात नाही.

बाबासाहेबांनी नेमके हेच पाहिले होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणताना त्यांनी महाराच्या नोकरीचे स्वरूपच सभागृहापुढे ठेवले. काम रात्रंदिवस; बाप हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे; राबवून घेणार सरकार आणि बलुते द्यायचे की नाही हे ठरवणार गावची रयत. म्हणून बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करून ती सरकारने वसूल करावी आणि महाराला द्यावी, अशी त्यांची मागणी होती. १९२९ साली विधेयक मागे घ्यावे लागले. आपण त्यातला स्वाभिमान उचलला, मजुरीचा प्रश्न तिथेच ठेवला.

मी ‘बलुतं’ वर्गात शिकवतो, आणि तासिका तत्त्वावर शिकवतो. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही. सांगितले तर पुढच्या सत्राची ऑर्डर जायची. तास घेतला तर पैसे. दिवाळी आणि मे महिना कोरडा. प्रवेशाच्या टेबलावर बसणे, नॅकच्या फायली रात्री लावणे, हे तासिकेत मोजले जात नाही. बिल निघते सत्र संपल्यावर, कधी त्याच्याही पुष्कळ नंतर. सुगी झाली की खळ्यावर जाऊन उभे राहावे, तसे आम्ही कार्यालयात लेखनिकापुढे उभे राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकाला तासाला १५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा दर सांगितला. तो माझ्यापर्यंत पोचलेला नाही. आणि जे मिळते त्याचे नाव मानधन! अंगणवाडी सेविकेलाही मानधनच, आशाताईलाही. वेतन म्हटले की रजा येते, भविष्य निर्वाह निधी येतो, भांडायचा हक्क येतो.

उपमा फार ताणू नये, हेही खरे. वतन जन्माने गळ्यात पडत होते, ऑर्डरवर मी स्वतः सही करतो. मी काम सोडले तर गाव माझ्या भावाला धरून नेणार नाही. माझ्या जागेसाठी नेट-सेट झालेले पाचपन्नास जण बाहेर उभे आहेत. पण त्यांच्यात आपली मुले किती, आणि कायम जागांवर किती, हे आपल्या विभागात एकदा मोजून पाहावे. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी जागा बाह्ययंत्रणेमार्फत भरण्याचा शासन निर्णय निघाला, ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. त्या विरोधात आरक्षणाचा प्रश्न होताच. माणूस एजन्सीचा झाला की बिंदुनामावली कुणाला दाखवायची?

आता आपल्या नव्या लेखनाकडे यावे. आज लिहिणारे आमच्यातले कितीतरी जण असेच तासिकेवर, नाहीतर दर पानाला ठरलेल्या भावाने भाषांतर-मुद्रितशोधन करून जगतात. त्यांच्या कवितेत व्यवस्था येते, शोषण येते, सूर्य तर येतोच. तासाला किती मिळाले ते येत नाही. नावामागे ‘डॉ.’ छापले आहे ना. रक्कम लिहायची लाज वाटते. पवारांनी मागून आणलेल्या भाकरीची लाज ओलांडली तेव्हा ते पुस्तक झाले. आमची कविता अजून बिलाची तारीख लपवते आहे, आणि समीक्षक तिच्यातला विद्रोह मोजत बसले आहेत.