फवारा आणि सप्तमी : इंधन-मापनाच्या मराठी मांडणीविषयी

डीझेल एंजिनाविषयी मराठीत जे शिकविले व लिहिले जाते, त्यात एक वाक्य ठराविक साच्याने येते : 'दाबाखालील तप्त हवेत इंधनाचा फवारा सोडला जातो.' व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. मात्र त्यातील 'हवेत' ही सप्तमी वस्तुस्थितीला धरून आहे काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. तो भाषेच्या अध्यापकाने विचारावा, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. पण विभक्ती हे आमचेच क्षेत्र आहे.

सप्तमीचा मुख्य कारकार्थ अधिकरण, म्हणजे क्रियेचे स्थळ. विहिरीत दगड टाकला तर विहीर त्या दगडाला घडवीत नाही. फवाऱ्याला मात्र हवाच घडविते. नळीच्या तोंडातून निघते ती धार. तिचे तुकडे करण्यात, थेंबांना वाफ होण्याइतकी उष्णता देण्यात आणि त्यांचा वेग हिरावून घेण्यात हवेचा वाटा मोठा असतो. ओढली गेलेली हवा थोडीथोडकी नसते : एक ग्रॅम डीझेल पूर्ण जळावयास सुमारे साडेचौदा ग्रॅम हवा लागते. तेव्हा येथे तृतीयाच योग्य होय, आणि तीही दोन्ही प्रत्ययांनी : 'हवेने' फुटणारा व 'हवेशी' मिसळणारा फवारा.

हा केवळ शब्दच्छल नव्हे, हे मोजमापावरूनच दिसते. काचेच्या खिडक्या असलेल्या बंद पात्रात एंजिनासारखी स्थिती निर्माण करून फवाऱ्याची चित्रे घेतात. देशोदेशीच्या प्रयोगशाळांनी तुलनेसाठी ठरविलेल्या 'स्प्रे ए' या प्रयोगात वायूचे तापमान 900 केल्विन, घनता घनमीटरला 22.8 किलोग्रॅम, इंधनाचा दाब 1500 बार व छिद्राचा व्यास सुमारे 90 मायक्रॉन असतो. थेंबांवरून विखुरलेला प्रकाश टिपला की द्रवाची सीमा दिसते. वाफेची सीमा मात्र श्लीरेन पद्धतीने पाहावी लागते. श्लीरेन म्हणजे जर्मन भाषेत काचेतील रेघा. भर उन्हात सायन-पनवेल रस्त्यावर हवा थरथरताना दिसते, त्याच प्रकाशवक्रीभवनाचा हा शास्त्रीय उपयोग. या प्रयोगात द्रव एका सेंटिमीटरच्या आसपास संपतो, वाफ मात्र त्याच्या कितीतरी पुढे जाते. आमच्या टिपणांत या दोहोंना मिळून एकच 'फवाऱ्याची लांबी' असते! 'द्रवाची पोच' आणि 'वाफेची पोच' असे दोन साधे शब्दप्रयोग केले, तर नवी परिभाषा घडविण्याचे कष्टही पडणार नाहीत.

येथे एक विलक्षण गोष्ट आहे. इंधनाचा दाब वाढविला तर द्रव अधिक दूर जाईल, असे सप्तमीने विचार करणारा विद्यार्थी सांगेल. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत डेनिस सीबर्स यांनी 1998-99 च्या सुमारास दाखविले की, द्रवाची पोच जवळजवळ तेवढीच राहते. इंधन वेगाने येते, पण त्याच प्रमाणात तप्त वायूही अधिक ओढला जातो. छिद्र लहान केले तर मात्र ती पोच आखूड होते. 'हवेत' या शब्दाने हे उलगडत नाही. 'हवेने' म्हटले की उलगडू लागते.

काजळीचेही तसेच आहे. ज्वाला नळीपासून काही अंतर सोडून स्थिरावते. त्या अंतरात फवाऱ्याने जितकी हवा ओढून घेतली असेल, तितका काजळीला आळा बसतो. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 मानकांनी कणांवर जी कडक मर्यादा घातली, तिच्या पूर्ततेत गाळणीबरोबरच या अंतरालाही महत्त्व आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्यांना हा विषय परका वाटू नये.

कळंबोली-तुर्भे भागातील गॅरेजांत नोझल हातपंपावर तपासतात. नोझल टपकतो की काय, हे तेथे चटकन कळते आणि त्या परीक्षेचे मोल कमी नाही. पण तेथील हवेची घनता घनमीटरला जेमतेम 1.2 किलोग्रॅम असते. दाट वायूत फवारा अधिक पसरतो व कमी दूर जातो. मोकळ्या हवेत तो अरुंद व लांब दिसतो. कारागीर 'धार चांगली आहे' म्हणतो तेव्हा तो नळीविषयी बोलत असतो, फवाऱ्याविषयी नव्हे. त्याचा शब्द आमच्या पाठ्यपुस्तकी 'फवाऱ्या'पेक्षा अधिक काटेकोर आहे, असे मला वाटते.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021-22 पासून अभियांत्रिकीचे पदवी-शिक्षण मराठीतूनही देण्यास वाट मोकळी केली आहे, म्हणून आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. सौटर यांच्या नावाने ओळखला जाणारा व्यास मराठीत 'सरासरी व्यास' होऊन बसतो. 100 मायक्रॉनचा एक व 10 मायक्रॉनचे नऊ थेंब घ्या. साधी सरासरी 19 येते. सौटर व्यास सुमारे 92.6. कारण तो व्यासांच्या घनांच्या बेरजेला वर्गांच्या बेरजेने भागून मिळतो, आणि एकटा मोठा थेंबच बहुतेक सारे इंधन बाळगून असतो. त्याला 'घनफळ-पृष्ठ व्यास' म्हणावे; शब्द जड आहे खरा, पण 19 व 92.6 यांची गल्लत त्याने टळते.