वेळ जातो कुठे?

एप्रिलमध्ये पुणे जिल्ह्यातल्या कवठे येमाईच्या शिवारात कांदा काढून पडलेला असतो. ताडपत्री आज टाकायची की उद्या, हे ठरवायला आभाळाच्या जोडीला आता मोबाइलवरचा अंदाजही लागतो. अशा अंदाजांमागे पुण्यात पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे महासंगणक राबत असतात. २०१८ साली ‘प्रत्युष’ आला, २०२४ साली ११.७७ पेटाफ्लॉप्सचा ‘अर्क’. मे २०२५ मध्ये अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ वर आणणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली.

चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात. गणिताला काळाची पावलंही निम्मी टाकावी लागतात, म्हणजे काम साधारण आठपट वाढतं. उद्याचा अंदाज परवा हाती आला, तर भिजलेल्या कांद्याला त्याचा काय उपयोग? नुसतं यंत्र मोठं घेऊन भागत नाही. कोडमध्ये वेळ नेमका कुठे जातो हे शोधावंच लागतं. ते शोधणारं हत्यार म्हणजे प्रोफायलर.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९७१ मध्येच फोरट्रानचे प्रोग्राम तपासून दाखवलं होतं की निम्म्याहून जास्त वेळ ४ टक्क्यांहून कमी कोड खातो. १९८२ मध्ये बर्कलीत ‘जीप्रॉफ’ घडलं. त्यानं कोणतं फंक्शन कोणाला बोलावतं याचा हिशेब दिला, पण तो वाचणं म्हणजे जुना फेरफार उतारा वाचण्यासारखंच होतं. चित्र स्पष्ट झालं ते २०११ मध्ये, ब्रेंडन ग्रेग यांच्या फ्लेम ग्राफमुळे.

कृती साधी आहे. प्रोसेसरला सेकंदाला ९९ वेळा टोकून विचारायचं, ‘आत्ता काय करतोयस?’ (पुरे १०० नाहीत, प्रोग्रामची स्वतःची काही कामं त्याच ठेक्यावर चालत असतील, तर तीच तेवढी पुन्हा पुन्हा सापडतील.) मिळालेल्या उत्तरांच्या पट्ट्या एकावर एक रचायच्या. खाली बोलावणारा, वर बोलावलेला. जितक्या वेळा सापडला, तितकी पट्टी रुंद. केशरी-पिवळ्या ज्वाळांत एखादं पठार दिसलं की समजायचं, वेळ इथे जळतोय.

नवखा माणूस इथे हमखास फसतो. डावीकडून उजवीकडे काळ सरकतो असं त्याला वाटतं, पण पट्ट्या लावलेल्या असतात वर्णानुक्रमे. कवठे येमाई हे तमाशासाठी वगनाट्यं आणि लावण्या लिहिणाऱ्या बशीर मोमीन कवठेकरांचं गाव. तिथल्या तमाशाचा फ्लेम ग्राफ काढला तर गण, गवळण, बतावणी, वग असा क्रम अगदी बरोबर उतरेल, कारण तो योगायोगानं वर्णानुक्रमही आहे. बाकीच्या प्रोग्रामांचं नशीब एवढं चांगलं नसतं.

चित्र देखणं झालं, म्हणून ते खरंही झालं असं नाही. २०१० मध्ये संशोधकांनी जावाचे चार नामांकित प्रोफायलर एकाच प्रोग्रामवर चालवले, तर सर्वांत जास्त वेळ खाणारं फंक्शन कोणतं यावर त्यांचं एकमत होईना. ठरावीक सोयीच्या ठिकाणीच ते नमुने घेत होते. दुसरं दुखणं कंपायलरचं. एक रजिस्टर वाचवण्यासाठी तो, कोणी कोणाला बोलावलं याचा माग देणारा फ्रेम पॉइंटर गाळतो, आणि ज्वाळा मध्येच तुटतात. लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोरानं २०२३ मध्ये आणि उबुंटूनं २०२४ मध्ये हे पॉइंटर परत आणले. या क्षेत्रातली अलीकडची मोठी सुधारणा ही अशी, गटार उपसण्यासारखी, आणि म्हणूनच कौतुकाची.

रुंद पट्टी अरुंद केली की अख्खा प्रोग्राम वेगवान होईलच, असंही नाही. दुसरं काही रखडलेलं असेल तर मेहनत वाया. २०१५ मधल्या ‘कोझ’ या प्रोफायलरनं यावर झकास युक्ती काढली: एक ओळ वेगवान करून पाहता येत नाही ना, मग बाकीच्या सगळ्यांना तेवढं थांबवा आणि एकूण फरक मोजा. इतकी सरळ कल्पना अजून रोजच्या वापरात रुळू नये, हे आश्चर्यच.

कवठ्याच्या वायव्येला, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, प्रश्नच निराळा आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या प्रत्येकी दोन ध्रुवणांचे संकेत पाठवतात. ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला तर दर संकेताचे सेकंदाला निदान ८० कोटी नमुने, ६० संकेतांचे मिळून ४,८०० कोटी. तबकड्यांच्या ४३५ जोड्यांचा मेळ तिथल्या तिथे घालायचा असतो. २०२४ मध्ये जीएमआरटीला ‘परम रुद्र’ महासंगणक मिळाला, तो काही मिलिसेकंदांत विझणारे रेडिओ स्फोट हुडकण्यासाठी. अशा ठिकाणी सरासरी चांगली असून भागत नाही. नमुन्यांचा लाखातला एक गठ्ठा उशिरा आला आणि स्फोट नेमका त्यातच असला तर? फ्लेम ग्राफमध्ये तो उशीर इतका बारीक होतो की दिसतच नाही.

त्यासाठी काळपट्टी काढणारी साधनं लागतात: ड्रेस्डेनचं ‘व्हॅम्पिर’, एनव्हिडियाचं ‘एनसाइट सिस्टिम्स’. त्यात प्रत्येक प्रोसेसची आडवी रेघ आणि कोण कोणासाठी खोळंबलं तेही दिसतं. पण १,०८० ओळींच्या पडद्यावर १० हजार प्रोसेस मांडल्या की एका ओळीत नऊ कोंबल्या जातात, आणि रखडलेली एक त्या गर्दीत आठ जणींच्या रंगाखाली झाकली जाते.