प्रमाण आणि प्रत्यय : ‘पेंडन पार्वा’ या लघुग्रामाची मीमांसा

आगगाडीच्या प्रतिकृतीभोवती उभारल्या जाणाऱ्या लघुवास्तूंची गणना सामान्यतः छंदात केली जाते, कलेत नव्हे. ही वर्गवारी कितपत टिकते याची परीक्षा इंग्लंडमधील पेंडन संग्रहालयाच्या आधारे करता येते. हे संग्रहालय १९५४ मध्ये आजच्या ऑक्सफर्डशरमधील लाँग विटनम या गावी स्थापन झाले. त्याचा प्रवर्तक रॉय इंग्लंड १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियाहून आला होता. व्हाइट हॉर्सच्या खोऱ्यातील पेंढ्याने शाकारलेली जुनी घरे नाहीशी होत असल्याचे पाहून त्याने ती लहान प्रमाणात जतन करण्याचे ठरविले. जे प्रत्यक्षात राखता येत नाही ते निदान प्रतिकृतीत राखावे, ही त्याची भूमिका होती.

येथील प्रमाण एका फुटास चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे १:७६ असे आहे. या प्रमाणात नऊ इंच लांबीची वीट तीन मिलिमीटरची होते, आणि तीन-अष्टमांश इंचाचा चुन्याचा सांधा मिलिमीटरच्या आठव्या हिश्शावर येतो. एवढा सांधा कोरून दाखविणे जवळजवळ अशक्यच. तो रंगाने सुचवावा लागतो. रंगाचीही हीच गत आहे. मूळ भिंतीचा रंग जसाच्या तसा पुठ्ठ्यावर उतरविला तर तो भडक दिसतो. कारण लहान घर पाहणारा डोळा ते दुरून पाहत असल्याचे गृहीत धरतो, आणि अंतराने रंग फिकट होतात. तात्पर्य, मापाने सर्वस्वी खरी असलेली प्रतिकृती दृष्टीला खोटी वाटू शकते. प्रमाण हा येथे केवळ आरंभ आहे. साध्य आहे तो प्रत्यय.

हा भेद जॉन अहर्न याच्या ‘मॅडर व्हॅली’ या रचनेशी तुलना केली असता अधिक स्पष्ट होतो. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आरंभिलेली ही रचनाही आता पेंडन येथेच आहे. तिच्यातील खोरे संपूर्णपणे कल्पित आहे. तिचे रूळही प्रचलित १६·५ मिलिमीटर अंतराचे आहेत. वस्तुतः चार फूट साडेआठ इंचांचे या प्रमाणातील रूपांतर १८·८३ मिलिमीटर होते. असे असूनही गाव, टेकडी आणि रेल्वे यांची एकात्मता तिच्यात अशी साधली आहे की मापातील उणीव प्रेक्षकास जाणवत नाही. अहर्नचे खोरे कोठेही नाही, तरी ते पटते.

पेंडन पार्वाची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. त्यातील घरे खोऱ्यातील प्रत्यक्ष घरांवरून मोजून घडविलेली आहेत. परंतु ती जेथे एकत्र नांदतात ते गाव मात्र कधीच अस्तित्वात नव्हते. अवयव सत्य आणि अवयवी कल्पित, असा हा प्रकार आहे. श्रीशंकुकाने नाट्यप्रतीतीसाठी योजलेला चित्रतुरगन्याय येथे आठवतो. चित्रातील घोड्याविषयीची प्रतीती सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही ज्ञानप्रकारांहून निराळी असते, असे त्याचे म्हणणे. पेंडन पार्वा पाहणाराही ‘हे खरे गाव’ असे मानीत नाही आणि ‘हे खोटे’ असेही म्हणत नाही. परंतु चित्रातील घोडा पुराव्याचा दावा करीत नाही, पेंडन करते. म्हणून केवळ रसप्रतीतीच्या कसोटीवर त्याची सुटका होत नाही.

खरा प्रश्न येथेच उपस्थित होतो. ज्या दशकांचे हे दर्शन आहे ती १९२० व १९३० ची दशके इंग्लंडमधील शेतीच्या मंदीची आणि शेतमजुरांच्या अल्प वेतनाची होती. पेंढ्याचे छप्पर दिसण्यास रम्य खरे. परंतु त्याखाली राहणाऱ्यास ओल, डागडुजी आणि आगीचे भय यांच्याशी गाठ होती. स्वस्त आच्छादनाने पेंढ्याची जागा घेतली तेव्हा सौंदर्यप्रेमी हळहळला. रहिवाशाला मात्र त्यात सुटकाही वाटली असेल. प्रतिकृती भिंतीचा कल दाखविते, खिडकीतून आतील सामानही दाखविते. भाडे आणि मजुरी दाखवू शकत नाही. घरे निवडताना जे देखणे तेच प्राधान्याने उरते, आणि ही निवड मापांच्या अचूकतेआड लपून जाते.

यामुळे पेंडनचे मोल कमी होत नाही. मूळ घर पाडले गेले वा बदलले, तर त्याच्या विटांची रचना आणि छपराचा उतार सांगणारा साक्षीदार म्हणून ही प्रतिकृती उरते. ते कार्य वर्णनाने वा एखाद्या छायाचित्राने पूर्णतः होत नाही. मात्र साक्षीदाराचीही उलटतपासणी करावी लागते. प्रत्येक घराविषयी पेंडनची साक्ष ग्राह्य मानावी. गावाविषयीचे त्याचे म्हणणे मात्र एका प्रेमी मनाचा अभिप्राय म्हणून वाचावे. अभिप्राय व्यक्त करणारी निर्मिती छंदाच्या सदरात मावत नाही. तिला कला म्हणावयाचे, तर कलेला लागणारी कठोर समीक्षाही तिच्या वाट्याला आली पाहिजे.