कुलपती : एका पदनामाची अदलाबदल

काही वर्षांपूर्वी एका हिंदी आत्मकथनाचे मराठी भाषांतर तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यात एक प्रसंग होता. वसतिगृहातल्या मुलांनी जेवणावर बहिष्कार घातला आहे आणि रात्री उशिरा ‘कुलपती’ स्वतः येऊन त्यांच्या पंगतीत बसतात. भाषांतरकाराने शब्द तसाच ठेवला होता. मीही तो तसाच जाऊ दिला. पुस्तक छापून आल्यावर एका वाचकाने विचारले, ‘राज्यपाल रात्री वसतिगृहात कसे काय आले?’ तेव्हा चूक ध्यानात आली. हिंदीत कुलपती म्हणजे व्हाइस चॅन्सेलर. चॅन्सेलर तो कुलाधिपती. मराठीत चॅन्सेलर कुलपती आणि व्हाइस चॅन्सेलर कुलगुरू. आम्ही राज्यपालांना पंगतीत बसवले होते.

चूक माझीच. पण तिच्या मागे लागल्यावर एक प्रश्न उभा राहिला: एकच संस्कृत शब्द दोन शेजारी भाषांनी दोन वेगळ्या खुर्च्यांवर बसवला, तर त्यापैकी कोणती खुर्ची त्याची?

आधी चॅन्सेलर. लॅटिनमध्ये ‘कान्केल्ली’ म्हणजे जाळीचा कठडा. न्यायालयातल्या अशा कठड्यापाशी उभा राहणारा सेवक तो ‘कान्केल्लारियुस’. पुढे तो लेखनिक झाला, मग राजाच्या मुद्रेचा रक्षक झाला. लिहिलेल्या मजकुरावर जाळीसारख्या आडव्यातिडव्या रेघा मारून तो रद्द करणे, यावरून आलेला ‘कॅन्सल’ हा शब्द याच कुळातला. म्हणजे हे पद मुळात दाराचे, दप्तराचे आणि मुद्रेचे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, तेव्हा गव्हर्नर हाच त्याचा चॅन्सेलर ठरला. पदवीवर सरकारी मान्यतेची मोहोर असावी, एवढा त्याचा सरळ अर्थ होता.

आता कुलपती. परंपरेने दिलेली व्याख्या अशी: दहा हजार शिष्यांना अन्न देऊन जो पोसतो आणि शिकवतो, तो कुलपती. अन्न आणि अध्यापन, दोन्ही अटी एकत्र. महाभारताच्या आरंभी नैमिषारण्यात बारा वर्षांचे सत्र चालवणारा शौनक कुलपती आहे. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंत कुलपती आश्रमात आहेत का असे विचारतो, ते कण्वांबद्दल, आणि तपोवनात शिरण्यापूर्वी हाच राजा अंगावरचे अलंकार उतरवून सारथ्याकडे देतो. राजा आणि कुलपती या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि कुलपतीच्या हद्दीत राजाचे शस्त्र चालत नाही.

‘रघुवंशा’चा पहिला सर्ग तर या शब्दाची किल्लीच आहे. वसिष्ठांना आपण रघुकुळाचे कुलगुरू म्हणून ओळखतो. पण दिलीप राजा त्यांच्या आश्रमात येतो आणि रात्री त्यांनी दाखवलेल्या पर्णकुटीत दर्भावर निजतो, तिथे कालिदास वसिष्ठांना कुलपती म्हणतो. माणूस एकच, नाती दोन. राजघराण्याच्या नात्याने तो कुलगुरू, आश्रमाच्या नात्याने कुलपती. पहिल्या शब्दातले कुल राजाचे, दुसऱ्यातले विद्यार्थ्यांचे.

माझ्या मते मराठी पदनामांत नेमकी इथे अदलाबदल झाली. राज्यसत्तेचा प्रतिनिधी असलेल्या राज्यपालांना आपण आश्रमाचा शब्द दिला आणि विद्यापीठात बसून कारभार पाहणाऱ्याला राजघराण्याच्या गुरूचा. ‘कुलगुरू’ला ‘विद्याकुलाचा गुरू’ असा नवा अर्थ आता रुळला आहे, हे मान्य. परंतु ‘कुलपती’ला नवा अर्थ मिळाला नाही; त्याचा जुना अर्थ तेवढा गळून पडला. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमानुसार राज्यपाल पदसिद्ध कुलपती असतात आणि समितीने सुचवलेल्या नावांतून कुलगुरू नेमतात. राजा ज्याच्या दारी अलंकार उतरवून जात होता, त्याचेच नाव नेमणूक करणाऱ्या हाताला मिळाले.

हिंदीची निवड या कसोटीवर अधिक खरी वाटते. मदनमोहन मालवीय १९१९ ते १९३८ काशी हिंदू विद्यापीठाचे व्हाइस चॅन्सेलर होते. विद्यापीठासाठी झोळी घेऊन फिरलेल्या त्या माणसाला कुलपती हा शब्द शोभतो. चॅन्सेलरपदालाही तो शोभू शकतो, याचे उदाहरण गुजरात विद्यापीठाचे आहे. १९२० पासून अखेरपर्यंत गांधीजी तिथे कुलपती होते. त्यांच्या हाती सत्ता नव्हती आणि विद्यापीठाला सरकारी मान्यताही नव्हती. तिथे व्हाइस चॅन्सेलरला कुलनायक म्हणतात.

आता हिंदी प्रदेश आपल्या वाटेने येत आहे. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये आणि राजस्थानने २०२५ मध्ये व्हाइस चॅन्सेलरचे कुलपती हे नाव बदलून कुलगुरू केले. ‘पती’त मालकीचा वास येतो आणि ‘गुरू’त आदर आहे, असा या बदलामागचा विचार. मला तो अपुरा वाटतो. त्या शब्दातला पती पोसणारा आहे, मालक नव्हे. मालकीचा वास त्याला आपल्या वापराने लागला. शिवाय नाव बदलले, पण नेमणुकीचा अधिकार जागचा हलला नाही. उलट केरळ आणि पश्चिम बंगालच्या विधानसभांनी २०२२ मध्ये राज्यपालांकडचे चॅन्सेलरपद काढून घेणारी विधेयके संमत केली. तो वाद खरा, कारण तो अधिकाराचा आहे. मात्र पद मुख्यमंत्र्यांकडे गेले, तर राजा बदलेल, आश्रम राजाकडेच राहील.

रुळलेला शब्द बदला, असे माझे म्हणणे नाही. मराठी जोडी कायद्यात, छापील पदवीवर आणि लोकांच्या तोंडी पक्की बसली आहे. पण शब्दाने घातलेली अट तरी लक्षात राहावी. शिष्यवृत्ती वर्ष उलटले तरी हाती येत नाही, वसतिगृहाची खानावळ बंद पडते, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, तेव्हा व्याख्येतल्या दोन्ही अटी मोडलेल्या असतात. तेव्हा कुलपती कोण, हे विचारण्याचा हक्क त्या शब्दानेच आपल्याला दिला आहे.

त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मी ‘कुलपती’ खोडून ‘कुलगुरू’ केले. मराठी वाचकासाठी दुरुस्ती आवश्यकच होती. तरी मुलांच्या पंगतीत बसलेल्या त्या माणसासाठी खरा शब्द मी नुकताच कॅन्सल केला, असे रेघ मारताना वाटत राहिले.