एफएमएसमधला १४ आला कुठून?

स्पोर्ट्स सायन्स, फिजिओथेरपी किंवा शारीरिक शिक्षणात पीएचडीची तयारी करत असाल, तर 'कबड्डीपटूंमधील एफएमएस गुण आणि दुखापतींचा संबंध' या धर्तीचा एखादा विषय तुमच्या यादीत असणारच. कबड्डीच्या जागी खो-खो घाला, फुटबॉल घाला, काही बिघडत नाही. साहित्य थोडं लागतं, चाचणी दहा-पंधरा मिनिटांत होते आणि हातात छान आकडे येतात. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही हेच होतं. सादरीकरणात एका सरांनी विचारलं, "हा १४ आला कुठून?" मी म्हणाले, "लिटरेचरमध्ये आहे, सर." ते म्हणाले, "अहो, पण लिटरेचरमध्ये कुठून आला?" मला सांगता आलं नाही. मूळ पेपर मी वाचलाच नव्हता, त्याचा संदर्भ तेवढा दिला होता.

ज्यांना एफएमएस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन ही ग्रे कुक आणि ली बर्टन यांनी मांडलेली पद्धत. त्यात सात हालचाली असतात: खोल स्क्वॉट, अडथळ्यावरून पाय टाकणं, एका रेषेतला लंज, खांद्यांची लवचीकता, पाठीवर झोपून सरळ पाय उचलणं, पुश-अप, आणि हात-गुडघ्यांवर राहून धड स्थिर ठेवणं. नीट जमलं तर ३, कुठेतरी सांभाळून घेत जमलं तर २, जमलंच नाही तर १, दुखलं तर ०. एकूण २१. आणि मग ते प्रसिद्ध वाक्य: १४ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर दुखापतीचा धोका जास्त.

हा १४ रुजला तो २००७ च्या एका पेपरमधून. कीझेल, प्लिस्की आणि व्होइट यांनी अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघातल्या ४६ खेळाडूंचे हंगामाआधीचे गुण घेतले आणि हंगामात कोणाला गंभीर दुखापत झाली ते पाहिलं. ऑड्स रेशो निघाला ११.६७, संवेदनशीलता ०.५४, विशिष्टता ०.९१. पेपरचं शीर्षक प्रश्नार्थक आहे, हे लेखकांच्या बाजूने सांगायलाच हवं. गंभीर दुखापतीचं भाकीत करता येईल का, असं ते विचारतात. पुढे संदर्भ देत देत ते प्रश्नचिन्ह आपण सगळ्यांनी मिळून हरवलं.

आता कागद-पेन्सिल घ्या. ४६ खेळाडू आणि वरचे तीन आकडे एकत्र बसवले की चार खाने आपोआप भरतात. १४ किंवा कमी गुणांचे १० जण, त्यांतल्या ७ जणांना दुखापत. १४ च्या वरचे ३६, त्यांतल्या ६ जणांना. म्हणजे एकूण १३ जखमी खेळाडू, आणि एवढ्या पायावर हा सगळा डोलारा. सातांपैकी दोघांना एक-दोन गुण जास्त मिळून ते पलीकडे गेले असते तर? करून बघा, ११.६७ चा ६.२५ होतो. दोन माणसं हलली आणि आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. नेहमीच्या सूत्राने ९५ टक्क्यांचं कॉन्फिडन्स इंटरव्हल काढलंत तर ते साधारण २.३ ते ५८ येतं. हे पाहिल्यावर 'धोका अकरा पट' असं लिहिताना हात थबकला पाहिजे. शिवाय ऑड्स रेशो म्हणजे 'इतके पट धोका' नव्हेच. १० पैकी ७ आणि ३६ पैकी ६ यांची तुलना केली तर धोका चार पटींच्या थोडा वर जातो.

याहून मोठी अडचण वेगळी आहे. १४ ही रेषा आधी ठरवलेली नव्हती. याच ४६ जणांचा आरओसी वक्र काढून, कुठे कापलं की जखमी आणि सुखरूप सर्वांत चांगले वेगळे होतात ते बघून ती निवडली गेली. निकाल हातात घेऊन मग पासिंगचे गुण ठरवले तर निकाल चांगला दिसणारच. शोध म्हणून यात गैर काही नाही, पण ती रेषा नव्या लोकांवर चालते का ते तपासेपर्यंत ती अंदाजच असते. आणि चार खान्यांतून थेट काढलेल्या रेशोमध्ये जुन्या दुखापतीचा हिशेब नसतो. जुन्या दुखापतीमुळे हालचालही बिघडते आणि नवी दुखापतही होऊ शकते. मग गुणांनी नेमकं काय पकडलं?

पुढे तपासणी झाली. २०१५ मध्ये डॉरेल आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा संवेदनशीलता सुमारे २५ टक्के आणि विशिष्टता सुमारे ८६ टक्के निघाली. समजा तुमच्याकडे १०० खेळाडू आहेत आणि हंगामात २० जखमी होणार आहेत. चाचणी त्यांतले ५ पकडेल, १५ निसटतील. जे ८० सुखरूप राहणार, त्यांतल्या ११ जणांवरही शिक्का बसेल. म्हणजे १६ जणांना 'धोक्यात' म्हटलं, त्यांतले खरे ५.

त्या ११ जणांत कोण असतं? माझ्या पायलट चाचणीत कबड्डी खेळणाऱ्या एका मुलीला १३ गुण मिळाले. कागदावरचा आकडा वाचून तिने विचारलं, "ताई, म्हणजे मला टीमात घेणार नाहीत का?" मी "तसं काही नाही गं" म्हटलं खरं, पण तो कागद कोचच्या हातात गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार माझ्या प्रपोजलमध्ये कुठेच नव्हता. जिल्हा संघाच्या निवडीत एक वर्ष हुकणं म्हणजे काय असतं, ते खेळलेल्यांना सांगायला नको.

अजून एक अभ्यास वाचाच. फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी २१ अग्निशमन जवानांची एफएमएस घेतली, मग गुण कशावर देतात ते त्यांना सांगितलं आणि लगेच पुन्हा घेतली. सरासरी १४.१ वरून १६.७ वर गेली. स्नायू तेच, सांधे तेच, मधे एक दिवसाचाही व्यायाम नाही. म्हणजे आपण जे 'बिघडलेली हालचाल' म्हणून मोजतो, त्यात 'काय अपेक्षित आहे हे माहीत नसणं' बऱ्यापैकी मिसळलेलं असतं.

याचा अर्थ एफएमएस टाकाऊ, असं मी म्हणत नाही. दोन प्रशिक्षित परीक्षकांचे गुण बऱ्यापैकी जुळतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण मोजणारे एकमेकांशी सहमत आहेत एवढ्यावरून मोजलेली गोष्ट दुखापतीशी बांधलेली आहे, असं ठरत नाही. कोणाला पुश-अप करताना दुखतं, कोणाचा एक खांदा दुसऱ्याच्या मानाने अडकतो, हे कळणं कोचच्या उपयोगाचं आहे. सातही आकड्यांची बेरीज केली की नेमकं तेच हरवतं. खांदे अडकलेला आणि स्क्वॉट न जमणारा, दोघेही १४ वर येऊन बसतात.

नॉर्वेच्या रोआल्ड बार यांनी २०१६ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये या सगळ्या स्क्रीनिंगवरच लिहिलं. त्यांच्या मते पायऱ्या तीन: संबंध दाखवा, रेषा नव्या गटावर तपासा, आणि मग 'चाळून निवडलेल्यांना व्यायाम' हा मार्ग 'सगळ्यांनाच व्यायाम' याहून सरस आहे हे प्रयोगाने सिद्ध करा. आपले बहुतेक प्रबंध पहिल्या पायरीवर बसून तिसरीचं निष्कर्ष-प्रकरण लिहितात. आणि 'सगळ्यांनाच व्यायाम' हा प्रतिस्पर्धी साधा नाही. नॉर्वेतच फुटबॉल खेळणाऱ्या १३ ते १७ वर्षांच्या १८९२ मुलींवर वॉर्म-अप कार्यक्रमाची चाचणी झाली, २००८ मध्ये ती बीएमजेत आली. कोणालाही न चाळता एकूण दुखापतींचा धोका जवळजवळ एक तृतीयांशाने कमी दिसला. पायाच्या दुखापती हे त्यांचं मुख्य मोजमाप मात्र सांख्यिकीय सीमारेषेच्या किंचित अलीकडे राहिलं, तेही लेखकांनी सरळ लिहिलं आहे. असा पेपर वाचायला बरं वाटतं.

माझ्या सिनॉप्सिसमधून १४ गेला. सातही गुण आता वेगवेगळे नोंदवते, आधीच्या दुखापतीचा रकाना सगळ्यांत वर आहे, आणि खेळाडूचा कागद तिच्या परवानगीशिवाय कोचकडे जाणार नाही असं संमतिपत्रात लिहिलं आहे. नमुना किती घ्यायचा यावर सरांशी अजून वाद चालू आहे. ते २०० म्हणतात, माझ्याकडे ८० मुली आहेत.